‘कसे जाल?’ : मार्गदर्शनाचे गद्य आणि स्पितीचा रस्ता

मराठी प्रवासलेखनाचा आढावा घेताना आपली समीक्षा ठरलेल्या वाटेने जाते. १९०७ साली प्रसिद्ध झालेला गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, मग अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, मग गंगाधर गाडगीळ, पु. ल. देशपांडे, आणि पुढची सगळी ललित परंपरा. प्रवासी कसा दिसला, त्याने काय टिपले, त्याची शैली मिश्किल की चिंतनशील, यांवर भरपूर लिहून झाले आहे. पण जो मजकूर हातात धरून माणूस प्रत्यक्ष घराबाहेर पडतो, तो मात्र साहित्यविचाराच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. ‘कसे जाल, कुठे राहाल, काय पाहाल’ सांगणारे लेखन म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकाचा चुलतभाऊ, त्याची समीक्षा ती काय करायची, असे आपण धरून चाललो.

माझे म्हणणे उलट आहे. ललित प्रवासवर्णनातली उपमा फसली तर कुणाचे काही बिघडत नाही. मार्गदर्शनातला क्रम फसला तर माणूस आजारी पडतो, अडकतो, क्वचित मरतो. ज्या गद्याच्या चुकीची किंमत वाचक शरीराने चुकवतो, त्याची चिकित्सा अधिक कसून व्हायला हवी. ही चिकित्सा भाषेपासून सुरू करता येते, कारण चांगल्या आणि वाईट मार्गदर्शनातला फरक पुष्कळदा वाक्यरचनेतच दिसतो.

या प्रकाराला मराठीत मूळ नाही असेही नाही. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ आठवावी. चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, जेवले, त्या स्थानांची ही नोंद. वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली, आणि अॅन फेल्डहाउस यांच्या ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) या ग्रंथामुळे ती महाराष्ट्राच्या भूगोलाच्या अभ्यासकांपर्यंत पोचली. तिचे गद्य रुक्ष आहे. गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कुठे तोंड करून, स्वामींचे स्थान देवळाच्या कोणत्या अंगाला, एवढेच. कुठे रम्य नाही, कुठे मनोहर नाही. मागून येणाऱ्या साधकाला नेमकी तीच जागा सापडावी, चार हातही चूक होऊ नये, ही एकच चिंता त्या वाक्यांमागे आहे. आपल्यानंतर येणाऱ्याची अशी काळजी हा मला मार्गदर्शनपर लेखनाचा मूळ स्वभाव वाटतो.

दुसरी परंपरा किल्ल्यांवरच्या पुस्तकांची. प्र. के. घाणेकरांसारख्या लेखकांनी आणि गिर्यारोहण मंडळांच्या साध्या पुस्तिकांनी मराठीत एक स्वतंत्र गद्य घडवले, त्याचे श्रेय त्यांना अजून कुणी दिलेले नाही. राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, लागणारा वेळ, ही चार शीर्षके डोंगरात फिरणाऱ्या कुणाही मराठी माणसाला पाठ असतात. त्यांखालची वाक्ये पाहावीत. टाक्यातले पाणी पिण्याजोगे, पण फेब्रुवारीपर्यंतच. गुहेत दहा माणसे झोपू शकतात, पावसाळ्यात मात्र गळते. कातळटप्पा सोपा, पण दोर नसेल तर उतरताना जपून. या प्रत्येक वाक्यात एक ‘पण’ आहे, एक ‘जर’ आहे. लेखकाने ते पाणी स्वतः प्यायलेले असते, किंवा मार्चमध्ये जाऊन ते आटलेले पाहिलेले असते. अटीचे वाक्य अनुभवाशिवाय लिहिता येत नाही. स्तुतीचे वाक्य घरबसल्या लिहिता येते.

हेच गद्य सह्याद्री सोडून हिमालयात गेले की त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी मी स्पिती हा मुलूख निवडला. हिमाचल प्रदेशाच्या ईशान्येला, पर्जन्यछायेत, तिबेटच्या सीमेला लागून असलेले हे खोरे. काश्मीर-मनालीसारखे ते ओळखीचे नाही, पण गेली काही वर्षे मराठी घरांतून तिकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढला आहे, आणि त्यासोबत मासिकांतले लेख, सहलीच्या पुस्तिका, छोटी पुस्तके असा मजकूरही.

या मजकुरातली क्रियापदे मोजण्यासारखी आहेत. ‘अवश्य पाहावे’, ‘चुकवू नये’, ‘भेट द्यायलाच हवी’. निसर्ग मुक्तहस्ते उधळण करतो, डोळ्यांचे पारणे फिटते, लोक भोळेभाबडे आणि सदा हसतमुख असतात. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये ‘गीद ब्ल्यू’ या फ्रेंच मार्गदर्शक पुस्तकांवर एक छोटा लेख लिहिला. डोंगरदऱ्या तेवढ्या नयनरम्य, स्मारके तेवढी पाहण्याजोगी, आणि त्या देशातला जिवंत माणूस एका ठोकळ्यात बसवलेला, अशी त्यांची तक्रार होती. ती पुस्तके स्पेनविषयीची होती. स्पितीवरच्या मराठी मजकुराला तीच तक्रार एक शब्दही न बदलता लागू पडावी, हे मला खटकते. कारण आपल्याकडे स्थानपोथी होती, आपल्याकडे पाण्याच्या टाक्यांचे गद्य होते.

आता शैली बाजूला ठेवून क्रमाकडे येतो. सगळ्यात मोठा दोष तिथे आहे.

स्पितीत शिरायच्या वाटा दोन. एक शिमल्याहून सतलजच्या काठाने, किन्नौरमार्गे. दुसरी मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीची वाट एकदम सोयीची झाली. बहुतेक मजकूर तिचीच शिफारस करतो, कारण ती जवळची आहे. मनालीहून सकाळी निघावे, संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी कुंझुम ओलांडून काझाला पोचावे. कागदावर हे फार सुटसुटीत दिसते.

उंचीचे आकडे शेजारी मांडले की सुटसुटीतपणा उरत नाही. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे, चंद्रताल ४,२०० मीटरच्या वर. पर्वतीय वैद्यकाचा मान्य दंडक असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये, आणि तीनचार दिवसांत एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा. इथे एकाच दिवसात दोन हजार मीटरची उडी आहे, आणि तीही डॉक्टर व दूरध्वनी या दोहोंपासून लांब. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखरावर मुक्काम केलेल्या गड्याचे शरीरही मनालीच्या उंचीवर झोपलेले नसते. दर रविवारी गड चढणाऱ्यांचा एक गैरसमज असतो की आपला दम चांगला, आपल्याला काही होणार नाही. विरळ हवेचा त्रास दमाशी संबंधित नाही. धट्टाकट्टा तरुण आडवा होतो आणि त्याची आजी शेजारी बसून चहा पिते, असे घडू शकते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे इथपर्यंत थांबावे, विश्रांती घ्यावी. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. हे तीन ओळींत सांगता येते. त्या तीन ओळींच्या जागी अनेकदा ‘सोबत कापूर ठेवावा’ असा सल्ला असतो. कापूर हुंगून बरे वाटत असेल, पण रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. अॅसिटाझोलामाइड हे औषध आहे, तेही निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून. विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी.

किन्नौरची वाट लांब आहे, दोन दिवस जास्त मागते, म्हणून मजकुरात ती ‘वेळ असल्यास’ या सदरात जाते. खरे तर हा वेळ शरीराला सवय लावण्याचाच आहे. सराहनला एक मुक्काम, सुमारे २,९०० मीटरवरच्या कल्प्याला एक किंवा दोन, आणि मग खोऱ्यात. इथे आणखी एक बारकावा आहे. कल्प्यानंतर नाकोला राहावे असे सर्वत्र लिहिलेले असते. नाको सुमारे ३,६०० मीटरवर. पुढचे ताबो ३,३०० च्या आसपास. नाकोचा तलाव पाहून, दुपारचे जेवण तिथे करून झोपायला ताबोला उतरणे शरीराच्या दृष्टीने शहाणपणाचे. ताबोला दोन रात्री काढल्या की काझा, आणि काझानंतर किब्बर, लांगझा, कोमिक ही चार हजार मीटरच्या पलीकडची गावे. मनाली आणि चंद्रताल परतीच्या वाटेवर ठेवावेत. ठिकाणे तीच, फक्त यादी उलटी वाचायची.

रस्त्याबद्दलही अटीचे वाक्य हवे. स्पितीत पाऊस कमी, म्हणून जुलै-ऑगस्ट उत्तम, असे लिहिणारा अर्धेच सांगतो. खोरे कोरडे असते, पण तिथे नेणारे दोन्ही रस्ते पावसाच्या मुलखातून जातात. २०२१ च्या जुलैत किन्नौरमधल्या बटसेरीला दरड कोसळून नऊ माणसे गेली, त्याच ऑगस्टमध्ये निगुलसरीला बस दरडीखाली सापडली. २०२३ च्या जुलैत अवकाळी बर्फाने चंद्रतालला अडीचशेहून अधिक प्रवासी अडकले आणि त्यांना सोडवायला काही दिवस लागले. यावरून जाऊ नये असे मी म्हणत नाही. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, हे वाक्य मात्र कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या ओळीत हवे, आणि तेच कुठे नसते. मोकळा दिवस विकता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

मराठी वाचकासाठी लिहिणाऱ्याने आणखी एका गोष्टीला भिडायला हवे. आपल्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत असतात, आणि स्पितीचे पंचांग वेगळे आहे. कुंझुम खिंड साधारण जूनमध्ये उघडते, ऑक्टोबरच्या पुढे कधीही मिटते. म्हणजे मुलांच्या दोन्ही सुट्ट्यांत मनालीची वाट बेभरवशाची. मेमध्ये जाणाऱ्याने शिमल्याकडून जाऊन शिमल्याकडूनच परतायची तयारी ठेवावी. दिवाळीत आकाश निरभ्र आणि गर्दी ओसरलेली, पण रात्री पारा शून्याखाली, नळ गोठू लागलेले, पुष्कळ होमस्टे बंद. लहान मूल किंवा सत्तरीचे आईवडील सोबत असतील तर त्या वर्षी कल्प्यापर्यंतच जावे, हा सल्ला एखाद्या मार्गदर्शकाने द्यायला काय हरकत आहे? ‘जाऊ नका’ हेही मार्गदर्शनच आहे. तशीच अमेरिकेहून आलेल्या भाच्याची गोष्ट. भारतीयांना या रस्त्यावर परवाना लागत नाही, पण परदेशी पासपोर्ट असलेल्याला किन्नौरच्या सीमेलगतच्या टप्प्यासाठी तो काढावा लागतो. आज कितीतरी मराठी कुटुंबांना ही ओळ लागेल. ती नसली तर सगळी गाडी रेकाँग पिओला थांबते.

आता ‘भोळेभाबडे लोक’. ज्याच्या घरी आपण राहणार तो शेतकरी आहे. त्याचे नगदी पीक हिरवा वाटाणा. तो उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे ऐन पर्यटनाच्या दिवसांत निघतो. शेताला पाणी येते ते हिमनद्यांपासून खोदून आणलेल्या पाटांतून. त्यांना तिथे कूल म्हणतात, आणि कुणाच्या शेताला केव्हा पाणी हे गावाने ठरवलेले असते. घरातले शौचालय परंपरेने कोरडे, दुमजली. वर राख-माती टाकायची, खाली खत तयार होते, ते वसंतात शेतात जाते. मार्गदर्शक मजकुरात याची नोंद ‘स्वच्छतागृहांची गैरसोय’ अशी येते. पाण्याचे शौचालय आणि गरम पाण्याची आंघोळ असलेली खोली निवडावी असेही सुचवले जाते. हिवाळ्यातल्या बर्फावर वर्षाचे पाणी अवलंबून असलेल्या गावात ती बादली कुठून येते, हे लिहिणाऱ्याने विचारलेले नसते. किल्ल्यावरच्या टाक्यात हातपाय धुऊ नका, असे लिहिणारी भाषा हीच का, असा प्रश्न पडतो.

फरकाचे कारण मला लेखकाच्या जागेत दिसते. किल्ल्यावर लिहिणारा स्वतः वाट शोधत गेला होता, चुकला होता, गावकऱ्याला विचारून पाणी प्यायला होता. स्पितीवर लिहिणारा बहुधा ठरलेल्या सहलीचा ग्राहक म्हणून गेलेला असतो. त्याला पाणी खोलीत मिळाले. ते केव्हा आटते हे त्याला ठाऊक होण्याचे कारण नव्हते. म्हणून त्याच्या वाक्यांत ‘पण’ येत नाही. याला अपवाद आहेत, आणि ते ओळखायला सोपे आहेत. ज्या लेखात एखादे ठिकाण बंद सापडल्याचा उल्लेख असतो, तो सहसा भरवशाचा निघतो.

ताबोच्या मठाबद्दल काय लिहिले जाते आणि काय लिहिता आले असते, ते पाहू. ९९६ साली स्थापन झालेला, ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणून ओळखला जाणारा, असे एक वाक्य सगळीकडे सापडते. अजिंठ्याचे नाव निघाले की मराठी वाचकाची मान डोलते आणि मजकूर पुढच्या गावाला जातो. पण अजिंठा कातळात कोरलेला आहे, ताबो मातीने बांधलेले आहे. भिंती मातीच्या, छप्पर मातीचे, चित्रे मातीच्या लिंपणावर; कोरड्या हवेच्या भरवशावर ती हजार वर्षे टिकली, आणि पावसाची लहर बदलली तर धोका प्रथम तिथे. मुख्य मंदिरात छायाचित्रे काढायला मनाई आहे. आत जवळजवळ अंधार असतो. डोळे सरावायला दहा मिनिटे लागतात, तोवर काहीच दिसत नाही, आणि पुष्कळ जण तेवढ्यात बाहेर पडतात. सौम्य प्रकाशाची छोटी विजेरी जवळ ठेवावी, पण आधी भिक्षूंना विचारावे, आणि थेट चित्रावर रोखू नये. दाराशी बूट काढावे लागतात. फरशी थंड असते, लोकरीचे मोजे घालून जावे.