आधी खराटा, मग कीर्तन

गाडगेबाबांचं एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याला पोलिसांसमोर केलेलं, त्यांचं शेवटचं कीर्तन म्हणून ते ओळखलं जातं. बाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला ते गेले. वक्तृत्व म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्या मापाने हे कीर्तन ऐकायला बसलं तर हाती फारसं काही लागत नाही. सुभाषित नाही, अनुप्रास नाही, आवाजाचे चढउतार योजलेले नाहीत. वाक्यं चार-पाच शब्दांची. भाषा घरची वऱ्हाडी. बाबा प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात. त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. मध्येच देवकीनंदनाचा गजर होतो आणि पुन्हा प्रश्न. कर्ज काढू नका, मुलांना शिकवा, देवापुढे बकरं कापू नका, हे सगळं ते सांगतात. पण ते ऐकणाऱ्याच्या तोंडून वदवून घेतात.

हे आयत्या वेळी सुचलेलं बोलणं आहे असं समजणं चूक आहे. बाबांची तयारी दिसत नाही, कारण ती कागदावर झालेलीच नाही. गावात आले की ते आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा क्रम. आपण तो स्वच्छतेच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. मी तो वक्त्याच्या तयारीत धरतो. ज्याने दिवसभर गल्लीगल्लीतला कचरा काढला, त्याला कोणाच्या दारात काय पडलेलं असतं हे रात्री उभं राहण्याआधीच ठाऊक झालेलं असणार. भाषणकलेवरची पुस्तकं आरशासमोर उभं राहून सराव करायला सांगतात. आरशात वक्ता दिसतो, गाव दिसत नाही.

हे सगळं मला सुचतं ते आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या शालेय वक्तृत्व स्पर्धांमुळे. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, मग प्रजासत्ताक दिन, असा हिवाळाभर हा हंगाम चालतो. परीक्षक म्हणून मला अधूनमधून बोलावतात. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून भाषण सुरू होतं. पुढे मोबाइलवर ऐकून पाठ केलेला मजकूर येतो, ठरलेल्या जागी मूठ वळते, ठरलेल्या जागी आवाज कापरा होतो. एकदा लागोपाठ तीन मुलींनी एकच भाषण केलं आणि तिघीही एकाच शब्दापाशी थांबल्या. मुलींचा त्यात काय दोष? त्यांना भाषण करायला कोणी शिकवलंच नव्हतं, सादर करायला शिकवलं होतं. शिवाजीराव भोसल्यांसारख्या थोर व्याख्यात्याची संथ, संस्कृतप्रचुर लय पिढ्यान् पिढ्या झिरपत शेवटी इथवर आली आहे. त्या लयीमागे त्यांचं स्वतःचं वाचन होतं. इथे नुसती लय उरली आहे.

शिवाय इथे भाषेचा एक पेच आहे. गोंदिया हा महाराष्ट्राचा पूर्वेचा कोपरा. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला, एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. मूल घरात झाडीबोली बोलतं, नाहीतर पोवारी, गोंडी, छत्तीसगढी. गोंदियाच्या बाजारात हिंदी. प्रमाण मराठी भेटते ती पुस्तकात. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. पाण्याचं ‘पानी’ होतं, डोळ्याचा ‘डोरा’. परीक्षकाच्या हातातल्या कागदावर मात्र विषयाची मांडणी, भाषाशुद्धी, हावभाव आणि पाठांतर असे चार रकाने असतात, पंचवीस-पंचवीस गुणांचे. म्हणजे एक चतुर्थांश निकाल मूल कोणत्या घरात जन्मलं यावरच लागून जातो.

अशाच एका स्पर्धेत आठवीतली एक मुलगी ‘मी सावित्री बोलतेय’ म्हणताना मध्येच अडकली. पुढचं वाक्य आठवेना. मास्तर मागून शब्द पुरवत होते, तेही तिला ऐकू येईनात. मग ती सावित्री व्हायचं सोडून सावित्रीलाच म्हणाली, ‘रोवनीच्या दिवसात आई बांधीत रायते, लहान्या भावाले मी सांभारतो. मंग मी केव्हा येऊ?’ आणि खाली बसली. सभागृहात मागे बसलेल्या बाया तोवर आपसात बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. तसल्या शांततेसाठी व्याख्याते आयुष्यभर झटतात. पाठांतर आणि भाषाशुद्धी या दोन्ही रकान्यांत ती मुलगी तळाला गेली. मी दिलेले गुण इतर दोघांच्या बेरजेत बुडाले.

त्या दिवसात ती एकटीच असं काही बोलली होती, ज्याचं उत्तर समोरच्यांना द्यावं लागलं असतं. गाडगेबाबांच्या कीर्तनाचा सांधा नेमका हाच.

यावर कोणी म्हणेल, मग काय लिहूच नये, पाठ करूच नये? तसं नाही. लिहून केलेल्या तयारीचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे न झालेलं एक भाषण आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागवून वाचलं, त्यातल्या मजकुराने मंडळी बिचकली आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापलं, तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्याची सुरुवात बघा. बोलावणाऱ्यांचीच ते कीव करतात, की मला निवडलंत म्हणून तुम्हाला आता बोलणी खावी लागतील. श्रोता खुर्चीत बसण्याआधीच त्याच्या मनातली शंका वक्त्याने उच्चारलेली आहे. २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणातही स्वातंत्र्य पुन्हा गमावणार का, हे ते प्रश्न करूनच विचारतात. एक अभ्यासिकेत लिहिणारा, दुसरा रस्ता झाडणारा. पण दोघांनीही आधी समोरच्या माणसाची तयारी केली, मग शब्दांची. परिणामाची हमी तरीही नसतेच. १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आमच्याच भंडाऱ्यातून उभे राहिले, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, आणि ते हरले. म्हणून भाषण चांगलं की वाईट हे मतांच्या किंवा टाळ्यांच्या मोजणीवर सोडू नये. हे मी स्पर्धांच्या निकालांबद्दलही म्हणतो.

कोणी मूल भाषण बसवायला आलं तर मी त्याला आधी लिहू देत नाही. विषय सावित्रीबाईंचा असेल तर गावातली शाळा सोडलेली एक मुलगी शोध, तिच्याशी बोल, मग ये, असं सांगतो. आलं की ते घरच्या बोलीत मला सांगायचं. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःला मिळालेलं नाही, तो भाषणात ठेवायचा. मग हवं तर लिही, पण वाक्य एका श्वासात मावलं पाहिजे. प्रमाण मराठी यायलाच हवी, तिच्यावाचून पुढे नोकरी अडते, हे मलाही कळतं. पण ती शिकवण्याची जागा वर्ग आहे, व्यासपीठ नव्हे. पाठ फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य करावं. बाकीचं चुकलं तर सावरता येतं, कारण ते आपलं असतं.

मागच्या खेपेला मी गुणपत्रिकेवर पेन्सिलीने पाचवा रकाना आखला: ‘समोरच्यांशी बोलला का?’ दहा गुण. संयोजकांनी तो नम्रपणे खोडून दिला. बेरीज एकशे दहा होते म्हणाले.