मंत्र : तारणारा की विचार करायला लावणारा?

मनन करणाऱ्याला तारतो म्हणून तो मंत्र, ही व्युत्पत्ती आपण प्रवचनांतून इतक्या वेळा ऐकलेली असते की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. श्रद्धेच्या अंगाने ती सुंदर आहे. भाषेच्या अंगाने मात्र ती टिकत नाही, असे माझे मत आहे. ‘त्र’ म्हणजे तारणे असे धरले, तर नेत्र, पात्र आणि शस्त्र यांनाही तारणहार म्हणावे लागेल. वास्तविक ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय आहे. ‘नी’ म्हणजे नेणे, त्याचे साधन नेत्र. ‘पा’ म्हणजे पिणे, त्याचे साधन पात्र. तसेच ‘मन्’ म्हणजे विचार करणे, त्याचे साधन मंत्र. निरुक्तकार यास्कानेही मंत्राचे नाते मननाशीच जोडले आहे. अवेस्तेतही हा शब्द ‘मांथ्र’ या रूपात आढळतो. म्हणजे वैदिक आणि इराणी शाखा वेगळ्या होण्यापूर्वीच तो घडलेला असणार.

याच शब्दाची दुसरी फांदी राजवाड्यात वाढली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्र म्हणजे राजाची गुप्त मसलत. पोपट-मैनांनीही मंत्र फोडल्याचे ऐकिवात आहे, असे सांगून कौटिल्य राजाला सावध करतो. मंत्री, मंत्रणा, मंत्रालय हे शब्द या फांदीचे. मराठीतल्या ‘कानमंत्रा’त तर दोन्ही फांद्या एकत्र येतात : तो गुरू देतो, तसा मुरब्बी राजकारणीही देतो.

मंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्साचे मत यास्काने नोंदवले आणि सविस्तर खोडून काढले. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला निरुक्तात ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. आज मात्र कौत्सच जिंकल्यासारखा दिसतो. ‘यशाचे सात मंत्र’, ‘गुंतवणुकीचा मंत्र’ अशा मथळ्यांत मंत्र म्हणजे डोके न चालवता वापरायचा तोडगा. मला वाटते, तारणाऱ्या व्युत्पत्तीनेच याची वाट मोकळी केली. शब्द परस्पर तारणार असेल, तर विचाराची तसदी कोण घेईल? ‘मंत्र थोडा, थुंकी फार’ ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. मनन वजा केले, तर मंत्रात उरतो तो नुसता प्रत्यय.