वैद्यकीय पर्यटन : ‘मानीव निर्यात’ या संकल्पनेची चिकित्सा

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत आरोग्यसेवा ही व्यापारयोग्य सेवा ठरली आहे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांकडून मिळणाऱ्या परकीय चलनास ‘मानीव निर्यात’ हा दर्जा व निर्यातदारांना मिळणाऱ्या सवलती देऊ केल्या. पुढे ‘हील इन इंडिया’ या उपक्रमातही तीच दृष्टी दिसते. या क्षेत्रातील आव्हानांची चर्चा मात्र बहुधा दर्जा, दर, दुभाषे आणि जाहिरात यांपुरतीच होते. मूळ संकल्पना तपासली जात नाही.

साखर निर्यात होते तेव्हा माल देशाबाहेर जातो. वैद्यकीय पर्यटनात ग्राहकच देशात येतो आणि येथील खाट, येथील परिचारिका, येथील भूलतज्ज्ञ वापरतो. साखरेचे उत्पादन एखाद्या हंगामात वाढविता येते. भूलतज्ज्ञ घडण्यास एम.बी.बी.एस.ची साडेपाच व पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे लागतात, आणि शासकीय महाविद्यालयांत त्याचा मोठा भार करदाता उचलतो. निर्यात शिलकी मालाची होते असे गृहीत धरले, तर ग्रामीण रुग्णालयांतील तज्ज्ञांची रिक्त पदे या गृहीतकात कोठे बसतात?

परदेशी रुग्णांच्या उत्पन्नातून गरीब रुग्णांचे उपचार होतील, असा समर्थकांचा युक्तिवाद असतो. महाराष्ट्रापुरता तो पडताळून पाहता येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि २००६ ची मुंबई उच्च न्यायालयाची योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. म्हणजे धर्मादाय रुग्णालयात परदेशी रुग्णाने भरलेल्या रकमेचा अल्पसा का होईना, वाटा गरिबापर्यंत पोहोचण्याची कायदेशीर वाट आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना ही योजना लागू नाही. तेथे हा युक्तिवाद केवळ सदिच्छेवर उभा राहतो.

नियमनाचा अनुभवही फारसा आश्वासक नाही. सरोगसीच्या व्यवसायात २००८ मध्ये ‘बेबी मांजी’ प्रकरणाने बालकाच्या नागरिकत्वाचा प्रश्न उभा केला. परदेशी दांपत्यांसाठीची सरोगसी २०१५ मध्ये थांबली आणि व्यावसायिक सरोगसीवर बंदी घालणारा कायदा २०२१ मध्ये झाला. बाजार आधी, कायदा नंतर, हाच क्रम राहिला.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकाने ‘एनडीएम-१’ या प्रतिजैविकरोधक घटकाचा संबंध भारतात उपचार घेऊन परतलेल्या काही ब्रिटिश रुग्णांशी जोडला, तेव्हा भारतातील प्रतिक्रिया प्रामुख्याने ‘नवी दिल्ली’ या नावाभोवती फिरली. नावावरील आक्षेप रास्त होता. परंतु हे जंतू परदेशी पाहुण्यांपूर्वी येथील रुग्णांना ग्रासतात, ही बाब त्या वादात जवळजवळ अनुल्लेखितच राहिली.