शोकघरातले हसू : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील एक अत्यंत प्रसन्न आत्मचरित्र आहे, असे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. हे मत चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे ग्रंथाचे मर्म वाचकाच्या हातून निसटते, असे मला वाटते. हा ग्रंथ एका विधवेने लिहिलेला आहे, ही साधी गोष्ट आपण विसरतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. पुढे त्यांचे चरित्र सिद्ध करावे या हेतूने पुत्र देवदत्त यांनी साधने जमविण्यास आरंभ केला आणि आईला तिच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले. त्या आठवणींतून हे पुस्तक उभे राहिले. १९३४ पासून त्याचे भाग ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे ज्या लेखणीला आपण विनोदी म्हणतो, ती मुळात दिवंगत पतीच्या स्मरणासाठी हाती धरलेली होती.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. लक्ष्मीबाईंच्या मातेच्या वडिलांना १८५७ च्या बंडाशी संबंध जोडून फाशी देण्यात आले. त्या आघाताने त्यांच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, त्यांच्या ठायी सोवळ्याओवळ्याचे विलक्षण खूळ शिरले. घरात येणारी वस्तू धुऊन घ्यावी, विटाळाच्या भीतीने बायकामुलांना धारेवर धरावे, असा प्रकार सुरू झाला. ही हकीकत वाचताना वाचक खळखळून हसतो. आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की, आपण ज्याला हसत आहोत तो मनुष्य एका फाशीच्या छायेत सापडलेला आहे. लेखिका मात्र त्याची आठवण करून देत नाही. फाशी सांगितली, खूळ सांगितले आणि ती पुढे गेली. दुःखाला विशेषण नाही, विनोदाला टाळीची अपेक्षा नाही. वाक्ये आखूड, घरगुती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या बाईची.

आम्ही धर्मगुरू अंत्यविधीच्या प्रवचनात उपदेशक या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेतो. रडण्याला समय आहे, हसण्यालाही आहे, असे तेथे म्हटले आहे. मीही कित्येकदा हा उतारा वापरला आहे, आणि श्रोत्यांनी त्याचा अर्थ असाच घेतला आहे की, आधी एक समय संपतो, मग दुसरा उगवतो. ‘स्मृतिचित्रे’त हे दोन समय एकाच पानावर, पुष्कळदा एकाच वाक्यात नांदतात. टिळकांचा शीघ्रकोप, घरात पैसा नसताना हात सैल सोडण्याची त्यांची सवय, क्षणात रुसून घराबाहेर पडणे आणि बाईंनी त्यांच्या मागे धावणे : हे सारे प्रसंग घडताना किती क्लेशदायक असतील! लिहिताना बाई हसतात. आणि हे हसू त्यांना जिवंतपणीच्या टिळकांपर्यंत पोहोचविते. कवी टिळक, भक्त टिळक आपल्याला इतर पुस्तकांत भेटतात. संसारात सर्वस्वी अव्यवहारी, पण ज्याच्यावाचून घर ओके वाटावे असा मनुष्य भेटतो तो येथेच.

येथे मला स्वतःची एक चूक नमूद करावीशी वाटते. दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ वारले. त्या रात्री रोझरी आटोपून मी ओट्यावर आलो, तो आत शवपेटीपाशी बसलेली मुले, सुना, नातवंडे तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसत होती. म्हातारबाबा दर रविवारी प्रवचनाला डुलकी घेत आणि घरी जाताना त्याच प्रवचनातल्या चुका एकेक करून सांगत, याची कुणीतरी नक्कल केली होती. माझ्या गुरुविद्यालयातल्या सगळ्या शिस्तीने एकदम डोके वर काढले. मी त्यांना कठोर शब्दांत समज दिली. घर गप्प झाले. तेव्हा म्हातारी हळूच म्हणाली, “फादर, हसू द्या त्यांना. ते असेच होते. तुम्ही त्यांना कुठे ओळखत होता?” दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनात मी त्या गृहस्थांना श्रद्धावान पिता आणि कष्टाळू शेतकरी म्हटले. ते दोन्ही ते होतेच. पण त्या वर्णनात गावातले दहा जण सहज बसले असते.

इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी पत्नीच्या निधनानंतर १९६१ मध्ये टोपणनावाने एक छोटी शोकवही छापली. तिच्यात त्यांना ग्रासणारी भीती हीच आहे : आपण जिची आठवण काढतो ती खरी पत्नी राहणार नाही, आपल्या सोयीची बाहुली होऊन बसेल. आणि त्यांना अनुभव येतो तो असा की, शोकाचा पीळ थोडा सैल झाला त्या सकाळी ती त्यांना अधिक स्पष्ट आठवली. लुईस विद्वान, त्यांना हे तर्काने, झगडून गाठावे लागले. लक्ष्मीबाईंनी त्याची मीमांसा केली नाही. त्यांच्या आठवणीत टिळकांची बाहुली होणे शक्यच नव्हते, इतके ते पानोपानी भांडतात.

तरीही काही हिशेब राहतो. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या वाट्याला जी ताटातूट आली, तो भाग वाचताना माझ्या मनात टिळकांविषयी कडवटपणा येतो. ख्रिस्तासाठी त्यांनी जे सोडले त्याचा आपण गौरव करतो. त्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजली, हे सांगताना आपल्या ख्रिस्ती समीक्षकांचा आवाज खाली येतो. बाईंनी त्यांना फार स्वस्तात सोडले काय? मला पूर्वी तसे वाटे. आता वाटते की, या भागात हसू विरळ होते, आणि जेथे उरते तेथे ते बाई स्वतःकडे वळवितात. नवऱ्याजवळ राहावयास आल्यावरही चूल वेगळी, पाणी वेगळे, शिवाशिवीची धास्ती! ज्या सोवळ्याला त्या पहिल्या पानांत हसल्या, तेच सोवळे वडिलांकडून आपल्या अंगी उतरले होते, हे त्या कुठेही मांडून सांगत नाहीत. पण ते चित्र त्याच हसऱ्या हाताने रेखाटतात. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो या वाटेने. नवऱ्यावर हसण्याचा हक्क त्यांनी स्वतःवर हसून मिळविला आहे.

एका ठिकाणी मात्र हे हसू मुळीच जात नाही. टिळक दांपत्याची काही अपत्ये कोवळ्या वयात गेली. त्या मुलांविषयी बाई मोजके लिहितात आणि विषय बदलतात. काही वाचकांना ही उणीव वाटते. मला ती उणीव वाटत नाही. त्या बालकांच्या सवयी, हट्ट, नकला करण्याजोगे काही जमा होण्याआधीच ती गेली. त्यांच्याविषयी हसावे असे आईजवळ काही उरले नव्हते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या आणि चौथा भाग अपुराच राहिला. टिळकांनंतरच्या आयुष्याच्या, कराचीच्या दिवसांच्या गोष्टी त्या सांगत होत्या. घरात नातवंडे होती आणि सांगण्यासारखे बरेच बाकी होते.