'हॅड' कुणाच्या वाट्याला

विमान धावपट्टीला टेकतं आणि घोषणा होते, 'प्लीज रिमेन सीटेड अंटिल द एअरक्राफ्ट हॅज कम टु अ कम्प्लीट स्टॉप.' तोवर आपल्याकडचे निम्मे प्रवासी उभे राहून वरच्या कप्प्यांतल्या बॅगा ओढत असतात, त्यामुळे वाक्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण त्यातलं 'हॅज कम' कान देऊन ऐकावं असं आहे. विमानाचं थांबणं अजून व्हायचंय, तरी 'विल' कुठेच नाही. इंग्रजी आपल्या कालदर्शक गौणवाक्यात 'विल'ला सहसा फिरकू देत नाही. 'अंटिल इट कम्स' म्हटलं असतं तरी व्याकरण बिघडलं नसतं, आणि पुष्कळदा तसं म्हणतातही. पण 'हॅज कम' म्हटलं की थांबण्याची क्रिया पुरती संपलेली दिसते. शेवटचा हिसका बसून गेला, की मग उठा.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. 'तू आलास की निघू' म्हणतो तेव्हा येणारा अजून वाटेतच असतो. व्हायची गोष्ट झाली असं धरून पुढचं ठरवायचं, ही खोड दोन्ही भाषांना आहे. तरीही 'आय विल कॉल यू व्हेन आय विल फिनिश' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्याऐवजी 'व्हेन आय फिनिश' चालतं, 'व्हेन आय हॅव फिनिश्ड'ही चालतं. दुसऱ्यात मात्र एक बारीक सूचना दडलेली असते: काम हातावेगळं होईपर्यंत मधे मधे विचारू नकोस.

भूतकाळात शिरलं की खरी गंमत सुरू होते. शाळेत आपल्याला एक रोगी भेटलेला असतो, जो डॉक्टर येण्याआधीच दगावलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याला मारून आपण नियम पाठ केला: दोन घटनांपैकी आधीची असेल तिला 'हॅड' लावा. नियम खोटा नाही, पण अपुरा आहे. 'आफ्टर आय एट, आय वेंट आउट' हे रोजच्या बोलण्यातलं निर्दोष वाक्य आहे. क्रम 'आफ्टर'नेच सांगून टाकलाय, 'हॅड'ला वेगळं काम उरलेलं नाही.

'व्हेन'चं तसं नाही. तो शब्द मोघम, क्रमाबद्दल हमी न देणारा. म्हणून तिथे क्रियापदाला सगळा भार उचलावा लागतो. 'व्हेन ही स्पोक, एव्हरीबडी लेफ्ट' म्हणजे गृहस्थ बोलायला लागले आणि सभा उठली. 'व्हेन ही हॅड स्पोकन, एव्हरीबडी लेफ्ट' म्हणजे सगळ्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं आणि मग रीतसर घरी गेले. एका 'हॅड'ने वक्त्याची अब्रू वाचली!

हॅन्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली 'एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक' या पुस्तकात काळांची मांडणी तीन बिंदूंनी केली: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि जिथे उभं राहून घटनेकडे पाहायचं तो क्षण. मला यातला तिसरा बिंदू फार मोलाचा वाटतो. 'बाय द टाइम वी गॉट देअर, द फिल्म हॅड स्टार्टेड' यात आपण थिएटरच्या दारात उभे असतो. सिनेमा सुरू होणं त्या दारातून मागे वळून पाहिलेलं आहे. 'हॅड' घटनेचा काळ तर सांगतोच, पण पाहणाऱ्याला कुठे उभं करायचं हेही ठरवतो.

'सिन्स'च्या पोटातही असा एक बारकावा आहे. 'सिन्स आय मेट हर' हा ओळखीचा पहिला दिवस, तर 'सिन्स आय हॅव नोन हर' म्हणजे ती सगळी वर्षं, आजच्या दिवसासकट.

पण सगळ्यांत रसाळ जागा 'बिफोर'ची. 'शी टुक माय प्लेट अवे बिफोर आय हॅड फिनिश्ड.' शाळेतला नियम इथे तोंडावर आपटतो. ताट उचललं गेलं ते आधी, म्हणजे 'हॅड' त्याला मिळायला हवा होता. तो जाऊन बसलाय न संपलेल्या जेवणाकडे, म्हणजे जे नंतर व्हायचं होतं आणि झालंच नाही त्याच्याकडे! रोग्याच्या उदाहरणावर वाढलेल्या माणसाला ही चूक वाटेल. पण हे वाक्य बिनचूक आहे, कारण इथे 'हॅड'ला आधी-नंतरशी कर्तव्य नाही. जेवण पुरं झालं होतं का, एवढंच तो विचारतो, आणि 'बिफोर' त्याला नकार देतो. साधं 'बिफोर आय फिनिश्ड' म्हटलं असतं तरी अर्थ पोचला असता, पण अर्ध्यावर राहिलेल्या घासाची तक्रार इतकी टोचली नसती. 'ही लेफ्ट बिफोर आय हॅड थँक्ड हिम' हेही तसंच. आभार पुढे कधी मानले की नाहीत, यावर वाक्य अवाक्षर काढत नाही. तो गेला त्या घटकेला ते मानायचे राहिले होते, इतकंच त्याला सांगायचं आहे.