महायुद्ध आपल्याकडे आलंच नव्हतं?

विषय दुसरं महायुद्ध आणि समाज असा आहे, पण मी युरोपातून सुरुवात करणार नाही. खोपोलीपासून करतो. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी खोपोलीला वीज काढली ती 1915 साली, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना. 1922 मध्ये भिवपुरीचं वीजघर आलं. खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांतून निघालेल्या तारा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत गेल्या. या तारा लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

आता साहित्याकडे वळू. महायुद्धावरची मराठी कादंबरी म्हटलं की विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आठवतं. प्रकाशन 1939चं. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून हाकललेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. बेडेकरांचं मोठेपण असं की त्यांनी एकही तोफ न डागता युद्ध दाखवलं. माणसाला देश नाकारला की त्याचं काय होतं, ते दाखवलं. माझी तक्रार कादंबरीबद्दल नाही, आपल्या वाचनाबद्दल आहे. चक्रधर मुंबईला उतरतो, हॅर्टा पुढे जाते. आणि आपण पुस्तक मिटताना समजतो, की चला, युद्धही तिच्याबरोबर पुढे गेलं!

तसं झालं नाही. मार्च 1942 मध्ये रंगून जपानच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. धान्याचे भाव चढले, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. आता कर्जत तर भाताचा मुलूख. पण भात पिकवणाराच पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराच्या दारात उभा, ही इथली जुनी गोष्ट. माथेरानचे भाई कोतवाल वकील झाले आणि या प्रश्नाला भिडले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी काढली. ते बंदुकीकडे वळले ते नंतर. आपण मात्र शेवटच्या चकमकीवर पोवाडे गातो आणि धान्यकोठी एका ओळीत संपवतो. ही माझ्या मते आपल्या इतिहासलेखनाची पहिली चूक.

दुसरी चूक प्रकरणांची. पुस्तकात 'दुसरे महायुद्ध' एका धड्यात, 'छोडो भारत' दुसऱ्यात. मग कोतवालांच्या आझाद दस्त्याने 1942च्या उत्तरार्धात विजेचे मनोरे का पाडले, हे मुलाला कसं कळणार? त्याच त्या तारा. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने चालत होते, आणि ते युद्धाच्या कामाला जुंपलेले होते. मनोरा पाडणं म्हणजे साम्राज्याच्या युद्धयंत्राची नस कापणं. दोन धडे एकत्र वाचले, तरच तो मनोरा दिसतो. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते.

याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं, दुसरं नाव घेतो. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. मराठा पलटणीतले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर, एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एक ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढताना गेला, दुसरा तिच्याच फौजेत लढताना. आता सांगा, कोण आपला? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. घाडगे ज्या फौजेत होते ती हिटलरविरुद्ध लढत होती, म्हणजे ज्याने हॅर्टाचा देश हिरावला त्याच्याविरुद्ध. आणि कोतवाल ज्या सत्तेशी लढले, तिने आपला देश आपल्याला न विचारता युद्धात ओढला होता. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकदम मनात धरायला जड जातं, म्हणून आपण दोघांचे पुतळे वेगवेगळ्या गावांत ठेवतो आणि जयंत्या वेगवेगळ्या करतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. 'रणांगण' पुन्हा वाचा, पण या वेळी कर्जत लोकलमध्ये बसून वाचा. भिवपुरी रोड आलं की मान वर करा. बोट मुंबईला लागली, आणि तिथून युद्ध तारांवरून, धान्याच्या पोत्यांतून, भरतीच्या कागदांतून इथवर आलं. ते लिहिणारी कादंबरी मराठीत अजून मला भेटलेली नाही. तुमच्यापैकी कुणी लिहिली तर मी पहिला वाचक.