कोंबड्यांचे ‘मित्र जिवाणू’ : एका पुडीचे परीक्षण

परीक्षण म्हटले की पुस्तकाचे, अशी आपली समजूत असते. या वेळी आम्ही परीक्षणासाठी एक पुडी घेतली आहे. वजन अर्धा किलो, आत पांढुरकी पूड, बाहेर लाल तुऱ्याच्या कोंबड्याचे चित्र आणि चारही बाजूंना भरगच्च मजकूर. अर्जुनी मोरगावला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिराला गेलो असता एका शिक्षिकेने ती आमच्या हाती दिली. त्यांच्या दिरांची गावाबाहेर हजार पक्ष्यांची शेड आहे. “सर, यावर लिहिलेय त्यातले खरे किती?” असे त्यांनी विचारले.

प्रश्न सहज विचारलेला नव्हता. पुडीवर ‘रोगांपासून संपूर्ण संरक्षण’ असे छापले आहे. ते वाचून दिरांनी मागच्या बॅचला मानमोडीची लस दिली नाही. दोन खर्च कशाला, असा साधा हिशोब. पक्षी चौथ्या आठवड्यात असताना माना वाकड्या होऊ लागल्या आणि आठवडाभरात निम्मी शेड रिकामी झाली. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूंचा रोग आहे. आतड्यातले जिवाणू कितीही गुणी असले तरी ते या लसीची जागा घेऊ शकत नाहीत. तेव्हा पुडीवरील सर्वांत मोठ्या अक्षरांतले वाक्यच सर्वांत घातक ठरले.

मग ही सगळी लबाडीच आहे काय? तसे म्हणून मोकळे होता आले असते, पण ते खरे नाही. या पुडीमागे एक चांगली कल्पना आहे. पुडीने ती नीट सांगितलेली नाही, म्हणून आपण सांगू.

झाडीपट्टीतल्या कोणत्याही अंगणात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसते. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवसापासून आईमागे उकिरडा उकरू लागतात. आईची विष्ठा पडलेल्या जागीच कनकी टिपतात. आपल्याला किळस वाटेल, पण जवळजवळ रिकाम्या आतड्याचे पिल्लू याच वाटेने प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील शेकडो जातींचे जिवाणू मिळवते. कोंबडीच्या लहान आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यांना अंधनाल म्हणतात. या जिवाणूंची मुख्य वस्ती तिथे. उबवणी केंद्रातल्या पिल्लाचे काय होते पाहा. अंडी जंतुनाशक धुरी देऊन यंत्रात ठेवलेली, आई नाही, उकिरडा नाही. पिल्लू खोक्यात बसून शेडवर येते तेव्हा त्याचे आतडे म्हणजे धनी नसलेले शेत. पहिला जो येईल तो नांगर घालणार. तो साल्मोनेलाही असू शकतो.

फिनलंडमध्ये १९७१ साली नेमके हेच घडले. खाद्यातून साल्मोनेलाचा एक प्रकार ब्रॉयलर कोंबड्यांत पसरला. तेथील नुर्मी आणि रांतला या संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजला आणि मग त्यांना साल्मोनेला दिला. द्रव न पाजलेल्या पिल्लांत साल्मोनेला झपाट्याने वाढला, पाजलेल्यांपैकी बहुतेकांत त्याला पाय रोवता आला नाही. हा प्रयोग १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. जागा आधीच व्यापलेली, अन्न आधीच वाटून घेतलेले, शिवाय जुन्या रहिवाशांनी तयार केलेली सेंद्रिय आम्ले त्रासदायक, असा तो मामला असतो. आईने जे फुकट दिले असते, ते संशोधकांनी चमच्याने दिले, इतकेच. (आईचे दान नेहमी शुद्ध असते असे मात्र नाही. जंत आणि रक्ती हगवणीचे परजीवीही याच उकिरड्यातून येतात.)

आता पुडीकडे वळू. नुर्मींनी पाजला तो संपूर्ण जिवाणूसमाज होता, पुडीत आहेत दोन-तीन नावे. मोजक्या जातींचे मिश्रण अशा संपूर्ण समाजाइतके काम सहसा करत नाही, असे पुढच्या अनेक प्रयोगांत दिसले. पुडीवरील नावे अशी : ‘लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस, यीस्ट’. बस्स. ही तर नुसती आडनावे झाली! ‘मेश्राम, जिल्हा गोंदिया’ एवढाच पत्ता घालून पत्र टाकले तर पोस्टमनने काय करावे? जिवाणूंचे गुण जातीवर आणि त्यातही विशिष्ट वाणावर अवलंबून असतात. बॅसिलस सबटिलिस कोंबड्यांच्या खाद्यात वापरतात, तर बॅसिलस अँथ्रॅसिस फाशी रोग घडवतो. आडनाव दोघांचे एकच.

दुसरा मुद्दा संख्येचा. पुडी म्हणते ‘कोट्यवधी’. समजा एका ग्रॅममध्ये १०० कोटी जिवंत जिवाणू आहेत आणि एक टन खाद्यात अर्धा किलो पूड मिसळायची आहे. एकूण झाले ५०,००० कोटी. टनात १० लाख ग्रॅम, म्हणजे प्रत्येक ग्रॅम खाद्यात ५ लाख. आठवीच्या मुलांना घालण्याजोगे हे गणित आहे आणि उत्तर बरे आहे. पण ‘कोट्यवधी’ म्हणजे एका ग्रॅममध्ये २ कोटी असतील, तर हाच आकडा १० हजारांवर येतो. शिवाय ही संख्या पूड भरतानाची की मुदत संपतानाची? विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या पुडीत लॅक्टोबॅसिलस किती उरतील? बॅसिलस बीजाणू करून उष्णतेत तग धरतो, गोळी खाद्य तयार होताना लागणारी ७०-८० अंशांची वाफही सोसतो. लॅक्टोबॅसिलसला ते कवच नाही. पुडी दोघांना एकाच वाक्यात ‘उष्णतारोधक’ म्हणते. पाण्यातून द्यावे असेही लिहिले आहे, पण त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नसावी, ही साधी सूचना कुठेच नाही.

आम्हाला सर्वांत खटकलेले वाक्य मात्र बारीक अक्षरांत आहे : ‘प्रतिजैविकांसोबतही परिणामकारक.’ ते वाचून शेडवाला खूश होईल. आम्ही अस्वस्थ झालो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस असे आढळले की, खाद्यात थोडे प्रतिजैविक मिसळले तर पक्षी लवकर वाढतात. तेव्हापासून जगभर ते टनांनी मिसळले गेले आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू बळावले. स्वीडनने वाढीसाठीचा असा वापर १९८६ मध्ये थांबवला, युरोपीय संघाने २००६ पासून. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर बंद केला, कारण इतर औषधे हरली की माणसांसाठी जी मोजकी उरतात त्यांपैकी ते एक आहे. प्रोबायोटिक पुड्यांची मागणी वाढली ती बऱ्याच अंशी या बंद्यांमुळे. आणि आता ही पुडी सांगते की आमचे जिवाणू प्रतिजैविकाला पुरून उरतात! ते कसे, हा प्रश्न विचारायलाच हवा. बीजाणू सुप्त असल्याने तगत असतील, तर ती एक गोष्ट. पण जिवाणूत प्रतिरोधाचे जनुक असेल आणि ते शेजारच्या जिवाणूला देता येण्याजोगे असेल, तर आपण पैसे मोजून तोच रोग खाद्यात मिसळत आहोत. युरोपात अशा वाणाला परवानगी देण्यापूर्वी हे जनुक तपासले जाते. जो दोष म्हणून शोधायचा, तो पुडीवर गुण म्हणून छापला आहे.

‘मित्र जिवाणू’ या शब्दाबद्दलही थोडे. हा दोष एकट्या पुडीचा नाही, आपल्या फळ्यावरचाही आहे. उपयुक्त आणि हानिकारक असे दोन रकाने आपण आखतो आणि नावे वाटून टाकतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू निरोगी कोंबडीच्या आतड्यात थोड्या संख्येने गुपचूप राहतो. रक्ती हगवणीच्या परजीवीने आतड्याचे अस्तर फाडले की हाच बेसुमार वाढून आतडे सडवतो. त्याला कोणत्या रकान्यात घालणार? दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचे भाऊबंद आपल्या किडक्या दातांतही सापडतात. दोन रकान्यांवर वाढलेला विद्यार्थी मोठेपणी शेड घालतो, पुडीवर ‘मित्र’ वाचतो आणि लस टाळतो. आम्ही जरा ताणून बोलतो आहोत, पण फार नाही.

पुडीवर ‘वजनात १५ टक्के वाढ’ असेही आहे. कशाच्या तुलनेत, ते लिहिलेले नाही. चांगल्या वाणांनी वजनात थोडा फायदा झाल्याचे प्रयोग आहेत, काहीच फरक न पडल्याचेही आहेत. स्वच्छ, कोरड्या, विरळ शेडमध्ये फरक कमी दिसतो, कारण सुधारायला जागाच कमी असते. धानाच्या तुसाची गादी ओली असेल, तर पुडीपेक्षा गादी रोज उलथण्याने अधिक साधेल.

आम्ही त्या शिक्षिकेला सुचवले की पुढच्या बॅचला लसी वेळेवर द्याव्यात, कंपनीकडून वाणाचे नाव, ग्रॅममधील संख्या आणि जनुक तपासणी लेखी मागवावी, आणि पुडी द्यायचीच तर निम्म्या पक्ष्यांना द्यावी. मागच्या बॅचशी तुलना नको, कारण मागची पावसाळ्यातली, ही हिवाळ्यातली. एकाच दिवशीची पिल्ले, एकच खाद्य, दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोलायचे. शाळेतली मुले तोलायला आनंदाने येतील. त्यांनी लगेच विचारले, “मधे जाळी बांधली तर चालेल ना?” चालणार नाही. जाळीतून तूस इकडचे तिकडे जाते, खाद्य घालणाऱ्याच्या पायांना विष्ठा लागते आणि दोन दिवसांत पुडीतले जिवाणू दोन्हीकडे होतात. मधे भक्कम आड हवा, भांडी वेगळी हवीत, दाराशी वेगळ्या चपला हव्यात आणि पुडी न दिलेल्या बाजूला आधी जायला हवे. दिरांकडे जुनी गोठ्याची खोली रिकामी आहे, ती ते डागडुजी करून घेत आहेत.